पालक-सांबारातले (सांबार म्हणजे कोथिंबीर) जंतू मारायला काय फवारू? लवकर सांगा

वावरवाला_कुही:
ज्या मेसला माल देतो त्यांनी तपासणी करून आणली. पालक अन् सांबारात ई. कोलाय (विष्ठेतला जंतू) निघाला म्हणे, माल बंद. परवा तोडा आहे. कोणतं औषध, पंपाला किती? फोटो मागू नका, पानं हिरवीगार आहेत.

पऱ्हाटी:
पाणी कुठलं? पाट का तुषार?

वावरवाला_कुही:
तुषार. नाग नदी कन्हानला मिळते, त्याच्या खाली वावर आहे. पाणी नदीचंच.

ठिबकवाला_भाऊ:
मग औषध काय करते? नागपूरचं सांडपाणी तुम्ही सरळ पानावर उडवून राहिले. ठिबक लावा.

पऱ्हाटी:
फेकून पेरलेल्या पालकाला ठिबक?

ठिबकवाला_भाऊ:
गादीवाफ्यावर ओळीनं पेरा. माझी मेथी तशीच असते.

काळी_माय:
रासायनिक सोडा, शेण-गोमूत्राचं जीवामृत शिंपडा.

पऱ्हाटी:
ताई, शेणातच ई. कोलाय असतो. तोडणीच्या तोंडावर पालेभाजीवर ते नकोच.

धरणकाठ:
हेच पाणी पुढं वैनगंगेतून गोसेखुर्द धरणात जाते. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं, आमचं पुनर्वसन अजून रखडलं. त्यावर कोणी बोलत नाही.

पाणीतपासनीस:
त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. वावरवाला, उभ्या पिकावर ब्लीचिंग मारू नका, पानं करपतील. गढूळ पाण्यातही टाकून भागत नाही, क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. कच्च्या खायच्या पिकांच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्ये १०० मिलीला १००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यातला एक, तो जंतूंचा गट) ही मर्यादा दिली होती. जुड्या धुता कशात?

वावरवाला_कुही:
मोटरच्या पायपाखाली. वरून ओलं गोणपाट टाकतो, नाहीतर कॉटन मार्केटपर्यंत सांबार मान टाकतो.

पाणीतपासनीस:
तोडल्यावर पुन्हा तेच पाणी लागते न! जुड्या अन् गोणपाट दोन्हीला चांगलं पाणी पाहिजे. परवाचा तोडा पुढं ढकला, तुषार बंद ठेवा. उन्हानं अन् सुकण्यानं पानावरचे जंतू कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत.

शहरी_खवय्या:
जड धातूंचं काय? शिजवून जातात?

पाणीतपासनीस:
नाही. त्याची तपासणी वेगळी.

वावरवाला_कुही:
तुषार बंद केला तर सांबार पिवळा पडते. शेजारच्या काकांची बोअर आहे, तिचं पाणी चालते का?

पाणीतपासनीस:
आधी तपासा. निर्जंतुक बाटलीत भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. चांगलं निघालं तर सांबाराला सरीतून तेच सोडा, पानावर नको. अन् तोवर मेसला माल देऊ नका, तिथं पोरं कोशिंबिरीत सांबार कच्चाच खातात.