प्रति: पेशी जागा सोडते कशी?
मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की अन्ननलिकेच्या कर्करोगात ईजीएफआर हा रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीचा निरोप आत पोचवणारं प्रथिन) बंद पाडला की पसरणं थांबेल. इतकं सरळ असतं तर काय हवं होतं! ब्रिटनमधल्या एका चाचणीत, केमोनंतरही आजार वाढलेल्या ४५० रुग्णांपैकी निम्म्यांना ईजीएफआर अडवणारं गेफिटिनिब हे औषध दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. २०१४ साली निकाल आला: एकूण आयुष्य काही वाढलं नाही. ईजीएफआर अडवला तरी एमईटीसारख्या दुसऱ्या रिसेप्टरच्या वाटेने तोच निरोप आत पोचू शकतो.

मला सगळ्यात लबाड वाटतं ते टीजीएफ-बीटा, म्हणजे पेशींना निरोप देणारं एक प्रथिन. सुरुवातीला ते पेशींच्या वाढीला लगाम घालतं. पुढे तोच निरोप उलटा वाचला जातो. तो निरोप पुढे नेणारी स्मॅड प्रथिनं केंद्रकात शिरतात, स्नेलसारखी जनुकं जागी होतात आणि ई-कॅडहेरिन घटतं. ई-कॅडहेरिन म्हणजे शेजारच्या पेशीला धरून ठेवणारा हात. तो सुटला की पेशी लांबुळकी होते, एमएमपी नावाची विकरं सोडत खालचा पापुद्रा कुरतडते आणि आत सरकते.

त्यात अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला बाहेरून सिरोसाचं आवरणच नाही, लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) मात्र अगदी आतल्या अस्तराजवळच्या थरांपासून, त्यामुळे सुटलेल्या पेशींना पसरायला वाट मिळते. म्हणून घास अडकायला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.