गणपतीच्या तोंडावर मशीन बदलू का? सगळं एकदम की थोडं थोडं?

फ्लेक्सवाला_बार्शी | 2 ऑगस्ट 2025

नमस्कार मंडळी. बार्शीत डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. मशीन 2015 साली घेतलेलं: आय5-4460, एच81 बोर्ड, 4+4 जीबी डीडीआर3 रॅम, 1 टीबी हार्डडिस्क. सकाळी बटण दाबतो, मग दुकान झाडतो, पायरीवर पाणी मारतो, उदबत्ती लावतो, तेव्हा कुठं डेस्कटॉप दिसतो. मंडळाची 20 बाय 10 फुटांची फाइल सेव्हला टाकली की गिऱ्हाईक चहा पिऊन येतं आणि विचारतं, "झालं का?" काल अध्यक्षांचा फोटो मोठा, उपाध्यक्षांचा लहान, हा बदल पाचव्यांदा चालू असताना मशीन जे गोठलं ते गोठलंच.

एका दुकानदारानं कोटेशन दिलंय: रायझन 5 5600जी, ए520 बोर्ड, 16 जीबी डीडीआर4, 500 जीबी एनव्हीएमई एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क), वापरलेलं जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, नवीन कॅबिनेट. 33 हजार. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) जुनाच चालेल म्हणतो. घरात मी 30 हजार सांगितलेत, त्यावर एक रुपया जाता कामा नये. 27 तारखेला गणपती, 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट बंद. सगळं एकदम उरकू का?

एकच_उपाय

एसएसडी टाका. विषय संपला.

रात्रपाळी_गेमर

1650 सोडू नका दादा. रिकाम्या वेळेत गेमही होतील.

फ्लेक्सवाला_बार्शी

रिकामा वेळ मला पितृपक्षात मिळतो, तोही पावसानं वीज गेली नाही तर.

रिपेअर_बेंच (नाशिक) | 3 ऑगस्ट

एसएसडीवाले अर्धे बरोबर आहेत. फाइल सेव्ह होताना टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरी आणि डिस्क हे दोन आकडे बघा. दोन्ही शंभराला टेकलेले दिसतील.

कारण सांगतो. 20 बाय 10 फूट म्हणजे 240 बाय 120 इंच. रिझोल्यूशन इंचाला 72 पिक्सेल धरलं तरी 17,280 गुणिले 8,640, म्हणजे जवळजवळ 15 कोटी पिक्सेल. सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) एका पिक्सेलला 4 बाइट. कडेपासून कडेपर्यंत भरलेला एक लेयर 600 एमबीच्या आसपास जातो. मागं ढग, त्यावर झालर, त्यावर बाप्पा, वर ग्लो. 8 जीबीत हे मावत नाही, मग फोटोशॉप उरलेलं हार्डडिस्कवर ओतत बसतं. यात ग्राफिक्स कार्डाचा काही गुन्हा नाही. 5600जी मध्ये ग्राफिक्स आहेच, तेवढं तुमच्या कामाला पुरतं. मात्र ते रॅममधूनच वाटा घेतं, म्हणून कार्डाचे पैसे वाचवा आणि 16 च्या दोन पट्ट्या टाकून 32 जीबी करा. कॅबिनेट जुनंच ठेवा, काम काही कॅबिनेट करत नाही.

आता एकदम की थोडं थोडं. प्रोसेसर, बोर्ड, रॅम ही तीन एकमेकांना बांधलेली आहेत. तुमच्या प्रोसेसरची बैठक, म्हणजे सॉकेट, 1150, नवी एएम4. डीडीआर3 ची खाच वेगळ्या जागी, नव्या बोर्डात ती बसणारच नाही. ही तिन्ही एकाच दिवशी बदलावी लागतात. बाकीचं मात्र त्यांच्यासोबत बदलू नका. 2021 साली मी स्वतःच्या मशीनचं सगळं एका रविवारी बदललं. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. बोर्ड नवा, रॅम नवी, एसएमपीएस नवा, मग संशय घ्यायचा कुणावर? ताडून बघायला जुना एकही भाग हाताशी नाही, कारण शहाणपणा करून आदल्याच दिवशी विकून टाकलेले. चौथ्या दिवशी कळलं, बी450 बोर्ड जुन्या स्टॉकमधला होता आणि त्याच्या बायोसला (बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रामला) तो प्रोसेसर ओळखीचाच नव्हता. तुम्हीही बोर्ड घ्याल तेव्हा दुकानातच प्रोसेसर बसवून डिस्प्ले आणून दाखवायला सांगा.

म्हणून आत्ता फक्त एसएसडी आणि एसएमपीएस घ्या आणि जुन्याच मशीनला लावा. गणपती त्यावर काढा. विसर्जनानंतर तिघांचा सेट आणा. एसएसडी एनव्हीएमई नको, 2.5 इंची साटा (हार्डडिस्कसारखी वायरनं जोडायची) घ्या. तुमच्या एच81 वर एम.2 ची, म्हणजे एनव्हीएमई बसवायची, जागाच नसेल. साटा दोन्हीकडं चालते, आणि हार्डडिस्कवरून येणाऱ्याला 500 एमबीचा वेग म्हणजे विमानच. विंडोज क्लोन करू नका (जुन्या डिस्कची नक्कल नको), कोरं टाका.

आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर +12व्ही च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते इथं सांगा.

फ्लेक्सवाला_बार्शी

मोठ्या अक्षरात 450 वॉट. +12व्ही खाली 14 ए.

रिपेअर_बेंच

14 गुणिले 12, म्हणजे 168 वॉट. प्रोसेसर, कार्ड, डिस्कची मोटर, सगळे मुख्यतः याच लाइनवर जगतात. 450 कुठून काढले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. दुकानदार यावर 1650 बसवणार होता, ते कार्ड एकटंच 75 वॉटपर्यंत घेतं. ब्राँझ रेटिंगचा 550 वॉटचा घ्या.

अक्षरजुळणी (सातारा) | 5 ऑगस्ट

मधेच विचारते. तुमच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (जे लावल्याशिवाय ते चालत नाही) कोणतं आहे, यूएसबी की मागं लावायचं 25 पिनांचं जुनं? जुनं असेल तर आधी विचार करा. नव्या बोर्डाला मागं ते पोर्ट नसतं. यूएसबीचा कन्व्हर्टर प्रिंटरला चालतो, लॉकला नाही. आमच्याकडं हा प्रयोग करून झालाय.

फ्लेक्सवाला_बार्शी

25 पिनांचंच आहे हो ताई. आत्ता मागं वाकून बघितलं. धुळीनं पांढरं झालंय.

फ्लेक्सवाला_बार्शी | 14 सप्टेंबर 2025

उशिरा लिहितोय, माफी. एसएसडी आणि एसएमपीएस 7 ऑगस्टला जुन्या मशीनला लावले. उदबत्ती पेटायच्या आत डेस्कटॉप. मोठ्या फाइली तरी अडत होत्याच, रॅम 8 च. पण सत्तावीस मंडळांचं काम त्यावर निघालं, एकही फ्लेक्स उशिरा नाही.

विसर्जन झाल्यावर सेट आणला. दुकानात डिस्प्ले दाखवला, घरी आणून बसवला तर काळी स्क्रीन. पोटात गोळाच आला. पण एसएमपीएस आणि एसएसडी महिनाभर चाललेले, त्यांच्यावर संशयच नाही. एक पट्टी काढली, डिस्प्ले आला. मग आतली काढून दुसरी लावली, काळी. स्लॉट बदलला, तरी काळी. अर्ध्या तासात चोर सापडला. दुकानात विचारलं तर म्हणाला, मी एकाच पट्टीवर दाखवलं होतं. पण कुरकुर न करता बदलून दिली. बायोसमध्ये टीपीएम (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू केलं, विंडोज 11 बसलं. कालच वीस बाय दहाची फाइल सेव्ह केली, गिऱ्हाईक खुर्चीतून उठलंसुद्धा नाही. एकूण 29 हजार 600. घरात हिशोब दाखवता आला.

लॉकचं मात्र ताई म्हणाल्या तेच झालं. जुना बोर्ड एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलाय, त्याला तो 14 अँपिअरवाला एसएमपीएस आणि जुनी हार्डडिस्क परत लावली, नेटची वायर काढून टाकली. पत्रिकांचा मजकूर त्यावर जुळवतो, अक्षरांचे कर्व्ह (फॉन्ट नसतानाही दिसणारे आकार) करून पेनड्राइव्हनं इकडं आणतो. म्हणजे सकाळी आधी त्याचं बटण दाबायचं, मग झाडू हातात घ्यायचा.