तीन क्रेडिट कार्डांची थकबाकी थोडी थोडी फेडतेय, आधी कुठलं कार्ड संपवू?

रातराणी

नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच विचारतेय.

माझ्याकडे तीन क्रेडिट कार्डं आहेत आणि तिन्हींवर थकबाकी आहे. घरात मोठं आजारपण निघालं आणि नेमका त्याच काळात माझा पगार अर्धामुर्धा आणि उशिरा येत होता. दवाखाना आणि घरखर्च, दोन्ही कार्डांवर गेलं. आता आजारपण सरलंय, पगारही मार्गी लागलाय. कार्डांचे आकडे मात्र हलायला तयार नाहीत. लिहायला सोपं जावं म्हणून त्यांना थोरलं, मधलं, धाकटं म्हणते.

थोरलं: १,१०,०००, व्याज महिना ३.५ टक्के, मिनिमम ड्यू (दर महिन्याला निदान भरावीच लागणारी रक्कम) ५,५००
मधलं: ४६,०००, व्याज महिना ३ टक्के, मिनिमम ड्यू २,३००
धाकटं: १४,०००, व्याज महिना २.५ टक्के, मिनिमम ड्यू ७००

गेलं वर्षभर फक्त मिनिमम ड्यू भरत आले, तारीख एकदाही चुकवली नाही. आता महिन्याला १४,००० काढू शकते. त्याहून जास्त काढले तर घर चालवताना ओढाताण होते. म्हणजे तिन्ही मिनिमम भरून ५,५०० उरतात. ते तिन्हीकडे सारखे वाटू की एकाच कार्डावर घालू? आणि एकाच, तर कुठल्या?

अजून दोन गोष्टी. ४५,०००ची एक मुदत ठेव आहे, ती मोडावी का? आणि थोरल्या कार्डाच्या बँकेतून फोन येतात की सगळी रक्कम ईएमआयमध्ये करून घ्या, फक्त दीड टक्का व्याज. घ्यावं का?

जो तो म्हणतो, एकदाचं भरून मोकळी हो. तेवढे पैसे असते तर विचारलंच नसतं. थोडं थोडं भरून हे खरंच संपतं का, एवढं कुणीतरी आकड्यांत सांगा.

निळाई

संपतं. माझ्या बहिणीचं संपलंय आणि तिचा पगार तुमच्यापेक्षा कमी होता.

माझं मत, आधी धाकटं. सगळे जास्तीचे ५,५०० त्याच्यावर घाला. दोन-तीन महिन्यांत एक कार्ड शून्यावर आलेलं दिसलं की अंगात बळ येतं. तिन्ही आकडे वर्षभर समोर लोंबकळत राहिले तर माणूस मध्येच हात टेकतो. बहिणीने अगदी लहान थकबाकीपासून सुरुवात केली होती, म्हणून ती टिकली असं मला मनापासून वाटतं.

पाऊलवाट

निळाई, मी असहमत. व्याज जिथे जास्त तिथेच आधी भरायचं, म्हणजे थोरलं. साडेतीन टक्क्यांचं कर्ज चालू ठेवून अडीच टक्क्यांचं आधी फेडण्यात नुकसानच आहे.

आणि रातराणी, सारखे वाटण्याचा विचार तर सोडूनच द्या. ब्रिटनमधल्या कार्डधारकांच्या खऱ्या नोंदींवर झालेला एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसलं की बहुतेक लोक व्याजदर पाहतच नाहीत. ज्या कार्डावर थकबाकी मोठी त्याच्यावर त्या प्रमाणात पैसे टाकतात. न्याय्य वाटतं, पण महाग पडतं.

हिशेबवही

रातराणीताई, मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात होतो. बिलांच्या तक्रारी माझ्या टेबलावर यायच्या. ‘एवढं भरलं, तरी कमी का होत नाही’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की तुमची पोस्ट वाचून लगेच कागद घेऊन बसलो.

आधी कुठलं कार्ड, यावर वरती वाद झालाय, पण तुमच्या बाबतीत ती दुय्यम गोष्ट आहे. मुख्य गोष्ट अशी की भरायची रक्कम तुम्ही ठरवायची, बिलाने नाही. मिनिमम ड्यू हा थकबाकीचा ठरावीक टक्का असतो. थकबाकी जरा उतरली की तोही उतरतो. तुम्ही तेवढाच भरत गेलात तर दर महिन्याला तुमचा जोर आपोआप कमी होतो. वर्षभर तारीख न चुकवता भरूनही आकडा फारसा का हलला नाही, त्याचं कारण हे आणि वर लागणारं व्याज.

उदाहरणाला एक लाख थकबाकी धरा, व्याज महिना ३ टक्के, मिनिमम ५ टक्के. व्याज मिळवून १,०३,००० होतात, म्हणून पहिला भरणा ५,१५० येतो. नुसता मिनिमम भरत गेलात तर वर्षभरात जवळपास ५५,००० भरून होतात आणि थकबाकी उरते ७७,०००. तीस महिन्यांनीही ५२,००० शिल्लक असतात. आता तोच पहिला आकडा, ५,१५०, पक्का धरून ठेवा. बिलावर मिनिमम ४,९०० आला तरी ५,१५०च भरायचे, ४,००० आला तरी ५,१५०च. त्याच तीस महिन्यांत कर्ज पूर्ण फिटतं. पहिल्या महिन्यापेक्षा एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही. आणि ७,००० जमले तर एकोणीस महिन्यांत मोकळे. थोडं थोडं भरून संपतं का, याचं माझं उत्तर हे आहे.

तुमचे १४,००० असेच पक्के धरून दोन्ही पद्धतींनी पुढचे महिने मांडून पाहिले. दंड आणि कर धरलेले नाहीत, आणि नवीन खरेदी शून्य.

निळाई म्हणतात तसं धाकट्यापासून सुरू केलं तर धाकटं तिसऱ्या महिन्यात संपतं, मधलं नवव्यात, थोरलं सोळाव्यात. एकूण व्याज साधारण ५२,८००.

पाऊलवाट म्हणतात तसं थोरल्यापासून केलं तर पहिलं कार्ड संपायला तेरावा महिना उजाडतो, पण मग मधलं आणि धाकटं दोन्ही सोळाव्या महिन्यात संपतात. एकूण व्याज साधारण ४९,०००.

म्हणजे शेवट दोन्हीकडे सोळाव्या महिन्यातच, फरक ३,८००चा. ज्याला मध्येच सोडून देण्याची भीती आहे त्याने हे ३,८०० खुशाल मोजावेत आणि निळाईंचं ऐकावं. तुम्ही मात्र इतक्या ओढगस्तीतही वर्षभर एक तारीख चुकवली नाहीत. तुमच्या चिकाटीची मला काळजी वाटत नाही, म्हणून तुम्हाला थोरलंच सांगेन. दर महिन्याला थोरल्यावर ११,०००, मधल्यावर २,३००, धाकट्यावर ७००. एक कार्ड संपलं की त्याचे पैसे घरखर्चात मुरू द्यायचे नाहीत, त्याच दिवशी पुढच्या कार्डाकडे वळवायचे.

मुदत ठेवीचं. सात टक्के वार्षिक व्याज धरलं तर ३०,०००वर महिन्याला १७५ मिळतात. तेच ३०,००० थोरल्यावर भरले तर पहिल्याच महिन्यात १,०५० व्याज वाचतं. मुदतीआधी मोडल्याची कपात वजा केली तरी तुलनाच होत नाही. तेवढे घालून पुन्हा मांडलं तर सगळं तेराव्या महिन्यात संपतं आणि एकूण व्याज साधारण ३०,७०० येतं. म्हणजे १८,०००हून जास्त वाचले. पण सगळे ४५,००० घालू नका. १५,००० हाताशी राहू द्या. हाताशी काहीच नसेल तर पुढचं औषधपाणी पुन्हा कार्डावरच जाणार.

बँकेचा तो दीड टक्का. त्यांना एकच प्रश्न विचारा, हा दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर? फ्लॅट असेल तर व्याज शेवटपर्यंत मूळ १,१०,०००वरच मोजलं जातं, तुम्ही निम्मं फेडलं असलं तरी. चोवीस महिन्यांच्या हप्त्यात तो फ्लॅट दीड टक्का घटत्या शिलकीवर जवळपास २.६ टक्के पडतो. साडेतीनपेक्षा कमीच आहे, नाही असं नाही, पण प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्याचा आकार मिळवून मगच ठरवा. घटत्या शिलकीवर दीड असेल आणि आकार माफक असतील तर डोळे झाकून घ्या. जे काही सांगतील ते ईमेलवर मागवा, फोनवरच्या बोलण्यावर सही करू नका.

आता बिलातली एक गोष्ट, जी मला जवळजवळ प्रत्येकाला समजावून सांगावी लागायची. थकबाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदत संपते. एरवी खरेदीनंतर काही आठवडे व्याज लागत नाही, पण मागचं बाकी असेल तर आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज सुरू. पूर्ण रक्कम फिटेपर्यंत ही सवलत परत मिळत नाही. म्हणून तिन्ही कार्डांवर नवीन काहीच नको, बारीकसारीक वर्गण्यासुद्धा नकोत. बिल उघडा आणि दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या ओळी पेनने खुणावा. मोबाइलचं रिचार्ज, कुठल्याशा ॲपची वर्गणी, विम्याचा हप्ता. ते सगळं डेबिट कार्डावर किंवा थेट खात्यावर घ्या, आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेले कार्ड नंबर पुसून टाका. कार्डावरून रोख तर अजिबात काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळा आकार लागतो.

व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. बिल तयार झालं आणि पगार जमा झाला की लगेच भरा. ११,००० अठरा दिवस आधी भरले तर त्या महिन्यात २३०च्या आसपास वाचतात. फक्त बिल तयार होण्याआधी भरू नका, कारण ते पैसे बहुधा पुढच्या बिलाच्या मिनिममपोटी धरले जात नाहीत, आणि भरूनही उशिराचा दंड बसतो. अशा तक्रारी मी पुष्कळ पाहिल्यात. जोडीला तिन्ही कार्डांना मिनिममचं ऑटो डेबिट लावून ठेवा. एखाद्या महिन्यात गडबडीत राहूनच गेलं तर तारीख सांभाळली जाते.

निळाई

धाकटं-थोरलं यात फक्त ३,८००चा फरक असेल असं वाटलं नव्हतं. मला तो बराच मोठा वाटत होता. रातराणी, मग तुमचं मन सांगेल तसं करा.

रातराणी

हिशेबवही काका, कसे आभार मानू कळत नाही. तीस महिन्यांचं उदाहरण मी स्वतः वहीत मांडून पाहिलं, अगदी तसंच येतंय. आज बिलं काढून खुणा केल्या, दोन वर्गण्या सापडल्या ज्या कुणी वापरतच नव्हतं. बंद केल्या. उद्या ठेव मोडायला जातेय, ३०,०००च.

दोन शंका राहिल्या. वसुली विभागातल्या एकाने मागे सुचवलं होतं की थोडी कमी रक्कम भरून ‘सेटलमेंट’ करा, बाकी माफ होईल. ते बरं का? आणि थोरलं शून्यावर आलं की लगेच बंद करू का?

हिशेबवही

सेटलमेंट नको. तुम्ही नियमित भरताय आणि पूर्ण फेडू शकता. सेटलमेंट केलं की पत-अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, खातं ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असं लागतं, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तीच ओळ आधी डोळ्यात भरते. ज्याला खरोखरच भरणं अशक्य आहे त्याच्यासाठी तो शेवटचा रस्ता आहे. उलट कधी पगार अडला तर हप्ता चुकण्याच्या आधी बँकेला लेखी कळवा आणि मुदत मागा. आधी बोलणाऱ्याला बरंच काही मिळतं, चुकल्यावर बोलणाऱ्याला कमी.

थोरलं शून्यावर आलं तरी एक बिल थांबा. बिलावरची पूर्ण रक्कम भरलीत तरी बिल तयार झाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. रक्कम किरकोळ असते, म्हणून लोक बिल उघडतच नाहीत, आणि तेवढ्यावरून दंड बसून खातं पुन्हा थकीत दिसतं. ते भरा आणि त्यापुढचं बिल खरंच शून्य आलं की कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या आणि जपून ठेवा. दोनेक महिन्यांनी पत-अहवाल काढून खातं बंद दिसतंय ना ते पाहा. नसेल तर ते पत्र जोडून तक्रार करा.

तिन्ही एकदम बंद करू नका. जे सर्वांत जुनं असेल आणि ज्याला वार्षिक शुल्क नसेल ते एक ठेवा. थोरल्याला शुल्क असेल तर बंद करण्यासाठी पहिला नंबर त्याचाच.