मदत हवी आहे: माजी सैनिकांसाठी मराठी प्रश्नावली

पुण्यातल्या माजी सैनिकांमध्ये पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) आणि स्फोटाच्या धक्क्याने झालेली मेंदूची सौम्य इजा वेगवेगळी ओळखायची आहे. पीसीएल-५ या पीटीएसडीची लक्षणं मोजणाऱ्या इंग्रजी प्रश्नावलीचे २० प्रश्न मराठीत आणतोय. गुण ० ते ८०, साधारण ३१-३३ च्या पुढे सविस्तर मुलाखत. घोळ होतो तो इथे: झोपमोड, चिडचिड, लक्ष न लागणं दोन्हींत असतं, नुसत्या गुणांवर विसंबता येत नाही. म्हणून स्फोटानंतर शुद्ध किती वेळ हरपली (३० मिनिटांच्या आत?), त्यानंतरचं किती वेळ आठवत नाही (२४ तासांच्या आत?) हे सौम्य इजा ओळखण्यासाठी आधीच विचारतो.

अडलंय एका शब्दावर. ‘आठवण येते का?’ विचारलं की माणूस गेलेल्या साथीदाराबद्दल बोलू लागतो. नको असताना तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहणं त्यात येतच नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या बोलीत याला नेमकं काय म्हणतात? शिवाय भाषांतर तपासायला, मूळ प्रश्न न पाहता मराठीवरून उलट इंग्रजी करणारे दोघे हवेत. वानवडी-खडकी भागातलं कुणी असेल तर फारच बरं.