मेलेल्या डॉक्टरचा सेव्ह धरायचा की नाही?

पेठेतला_गावकरी: शनिवारी कर्वेनगरात मित्राच्या गच्चीवर माफिया खेळलो. तोच तो लपलेल्या भूमिकांचा खेळ: रात्री सगळे डोळे मिटतात, माफियाची टोळी आणि सीरियल किलर आपापला बळी निवडतात, डॉक्टर एकाला वाचवतो म्हणजे सेव्ह करतो. रात्री माफियाने डॉक्टर उडवला. त्याच रात्री सीरियल किलरने डिटेक्टिव्हवर वार केला, आणि डॉक्टरने सेव्ह केला होता तो नेमका डिटेक्टिव्हच. सकाळी मॉडने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, दोघांनाही बाद केलं. म्हणे डॉक्टर आधी मेला, सेव्ह रद्द. काहीही! रात्रीच्या चाली एकाच वेळी होतात. डोळे क्रमाने उघडायला लावतात ते मॉडच्या सोयीसाठी. डॉक्टर गेला ठीक, डिटेक्टिव्ह वाचायलाच हवा होता.

रात्रपाळी: पटत नाही. माफियाने डोकं चालवून डॉक्टर हुडकला, त्याचं त्यांना काहीच मिळू नये? मेलेला माणूस कसली राखण करणार? ब्लड ऑन द क्लॉकटॉवर या अशाच खेळात रात्रीचा क्रम छापूनच देतात आणि पात्र मेलं की त्याची शक्ती तिथल्या तिथे संपते. कुणी कुरकुर करत नाही.

पेठेतला_गावकरी: तिथे क्रम हाच नियम आहे. आमच्या मॉडने खेळाआधी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आपल्याकडे माफिया आधी उठतो, डॉक्टर नंतर. उठण्याचा क्रम हाच निकालाचा क्रम धरला तर डॉक्टर डोळे उघडेपर्यंत माणूस गेलेलाच. म्हणजे एकही सेव्ह कधी लागणार नाही. मग डॉक्टर ठेवायचाच कशाला?

कटिंग_चहा: +१. ऑनलाइन खेळणारे बरेच जण साधा हिशेब लावतात: जी चाल दुसरीला बदलू शकते ती आधी. म्हणून आधी रोलब्लॉक (दुसऱ्याची चाल अडवणं), मग सेव्ह, शेवटी किल. रोलब्लॉकरने डॉक्टरला अडवलं असतं तर सेव्ह गेला असता. नुसतं मारून जात नाही. १९८६ मध्ये मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफने हा खेळ काढला तेव्हा माफिया आणि साधे नागरिक एवढेच होते. ही सगळी भानगड नंतरच्या पात्रांची.

गच्चीवरचा_मॉड: मीच तो मॉड. उठण्याचा क्रम मी धरलाच नाही. सेव्ह आधीच लावला, पण तो टिकायला डॉक्टर जिवंत हवा. आधी माफियाचा किल, मग सीरियल किलरचा. किलर दारात आला तेव्हा राखणीला कोणी नव्हतं. निर्णय बदलणार नाही.

कटिंग_चहा: पण दोन किलमध्ये माफियाचा आधी, हे कुणी ठरवलं? उलटं लावलं असतं तर डिटेक्टिव्ह वाचला असता. म्हणजे कोण जगणार ते खेळाडूंच्या चालींनी ठरलं नाही, तुझ्या वहीतल्या क्रमाने ठरलं.

रात्रपाळी: वही तर वही, पण सगळ्यांना एकच ना? ती खेळाआधी वाचून दाखवायला हवी होती, एवढं मान्य. बरं, दोन्ही किल एकाच सेव्ह केलेल्या माणसावर आले तर? एक अडतो की दोन्ही?

गच्चीवरचा_मॉड: एकच. आणि हे मी सुरुवातीला सांगितलं होतं.

पेठेतला_गावकरी: कधी?

गच्चीवरचा_मॉड: वडापाव वाटत होते तेव्हा.