रोंडा राउसीनं ज्युडो सोडून डब्ल्यूडब्ल्यूई धरली, हे बरोबर केलं का?

वर्धाकाठ
राजेहो, मोर्शीकडं आमच्या गावात मी संध्याकाळी पोट्ट्यापोट्टींना ज्युडो शिकवतो, शाळेच्या व्हरांड्यात, जुन्या गाद्यांवर. त्यातली एक सातवीतली पोट्टी, बाप संत्र्याच्या बगीच्यात मजुरीले जाते, परवा म्हणते सर मले रोंडासारखं व्हायचं. मी खुश झालो. तर तिनं मोबाईलवर फक्त डब्ल्यूडब्ल्यूई पाह्यली होती, रोंडा ज्युडो खेळायची हे तिले माहीतच नाही! १७ व्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिक, २००७ ले जागतिक स्पर्धेत रौप्य, २००८ ले बीजिंगमध्ये ७० किलोत ब्राँझ, ज्युडोत अमेरिकेच्या बाईले मिळालेलं पहिलं ऑलिम्पिक पदक. आणि एवढी बाई २०१८ पासून निकाल आधीच ठरलेल्या कुस्त्या खेळली. आपल्या दंगलीत नुराकुस्ती दिसली तर लोक उठून चालले जातात. माझं स्पष्ट मत आहे, तिनं आपली विद्या स्वस्तात दिली.

कपाशीवाली
स्वस्तात? सर, मोठे आहात म्हणून सांभाळून बोलते. मी राज्य पातळीपर्यंत खेळली, जनरल डब्यात उभ्यानं जाऊन, सर्टिफिकेटं ट्रंकेत पडली आहेत अन् आज मी कापूस वेचते. तिकडं अमेरिकेतही तेच, रोंडा बीजिंगचं पदक घेऊन आली अन् बारमध्ये काम केलं, काही दिवस तर स्वतःच्या कारमध्ये झोपली. तवा कोणी विचारलं नाही की विद्येचं काय होऊन राहिलं.

अन् मधलं तुम्ही गाळूनच टाकलं. यूएफसी, म्हणजे लाथा-बुक्क्या-पकडींच्या खऱ्या लढती भरवणारी अमेरिकेची कंपनी, तिचा तवाचा अध्यक्ष डेना व्हाइट २०११ मध्ये बाया आमच्याकडं कधीच लढणार नाहीत म्हणाला होता, अन् फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच यूएफसीत बायांची पहिली लढत हिच्यासाठी लागली. लिझ कार्मूश पाठीवर चढून मान पिळून राहिली होती, तरी ही सुटली अन् पहिल्या राउंडचे ११ सेकंद उरले असताना हात अडकवून जिंकली. तो डाव कुठला? ज्युडोचा, ज्युजी गातामे. तिची माय, १९८४ ची जगज्जेती, लहानपणी सकाळी पोरीले त्याच डावानं उठवायची!

आखाडा दर्यापूर
ताई, यूएफसीपर्यंत माझी काहीच तक्रार नाही, ती खरी लढाई होती. पण पुढचं पाहा ना. नोव्हेंबर २०१५ मध्ये हॉली होमची लाथ बसली, डिसेंबर २०१६ मध्ये अमांडा नुनेसनं ४८ सेकंदात संपवलं, अन् मग ही गेली कुठं, तर जिथं हारजीत लिहूनच येते तिथं. हरलेला पैलवान पुन्हा तालमीत जाते, माती अंगाले लावते, हे आम्ही बापापासून पाहत आलो. याले मी पळणं म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा.

एसटीस्टँड
काका, जुन्या लोकांचंही पाहा. विलेम रुस्कानं १९७२ च्या म्युनिकमध्ये एकाच ऑलिम्पिकात ज्युडोची दोन सुवर्णं घेतली, तो १९७६ मध्ये जपानात तिथल्या व्यावसायिक पैलवान इनोकीसोबत रिंगणात उतरला. ॲलन कोएजनं १९७६ लेच माँट्रियलमध्ये ब्राँझ घेतलं, मग जपानात इनोकीकडंच शिकला, पुढं बॅड न्यूज ब्राउन नावानं डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचंच जुनं नाव, दिसला. हे सगळे पळपुटे का? रोंडाचं ‘राउडी’ नाव ज्या व्यावसायिक पैलवान रॉडी पायपरचं, त्याले ज्युडो शिकवला जीन लबेलनं, तोही ज्युडोतूनच व्यावसायिक कुस्तीत गेलेला. ही वाट लय जुनी आहे.

अन् निकाल ठरलेला असते, पडणं ठरवून होत नाही. पाठ आपटायची तर आपटतेच. ज्युडोत पहिला महिना पडायलेच शिकवतात, ती उकेमी तिथं रोज कामी येते.

वर्धाकाठ
पडण्याचं मान्य, ते मीही रोज शिकवतो, विसरलो होतो. पण पोरीले वाट दाखवताना मी काय सांगू? तिथं घेतात किती जणींले? आपल्याकडून गेली ती हरियाणाची कविता देवी, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं सुवर्ण घेऊन, २०१७ मध्ये सलवार कमीज घालून लढली. अजून नावं शोधावी लागतात. अन् ज्युडोत तरी पाहा, २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये सुशीला देवी अन् तुलिका मान दोघींले रौप्य, अंगणात बसून टीव्हीवर कोणी पाह्यलं?

कपाशीवाली
तेच तर म्हणून राहिली मी! कोणी पाहत नाही म्हणून पोट्टी दुसरीकडं पाहते. तिचं स्वप्न तोडू नका, मागं न्या. आधी बीजिंग दाखवा.

आखाडा दर्यापूर
माझं मत तेच आहे. पण पोट्टी गादीवर येते ना रोज? मग येऊ द्या.

वर्धाकाठ
दाखवलं काल. ब्राँझची मॅच, जर्मनीची आनेट बोम समोर होती. दोनदा पाह्यली तिनं. मग म्हणते, सर तो हाताचा डाव कवा शिकवता? म्हटलं या वयात नाही, आधी पडायले शीक.
ताई, रविवारी गावात येता का? नऊ पोट्टी आहेत अन् शिकवणारी बाई एकही नाही.

कपाशीवाली
वेचणी उरकली की पहिल्या रविवारी येते. गाद्या दोरीनं घट्ट बांधून ठेवा, मधात फट राहिली की घोटा जाते.