घरात राहून लहानसहान देणी फेडताना : आपले अनुभव

औसा (धागा सुरू करताना)

या धाग्यात गृहकर्ज, पीककर्ज किंवा धंद्याचे भांडवल यांविषयी नव्हे, तर ज्यांना घरात कोणी कर्ज म्हणत नाही अशा देण्यांविषयी लिहावे, ही विनंती : कार्डाची बाकी, फोनचा हप्ता, मैत्रिणीचे हातउसने, दुकानातली उधारी. देणे दोन लाखांच्या आतले असावे आणि ते आई-वडिलांच्या किंवा सासरच्या घरात राहून फेडलेले किंवा फेडत असलेले असावे, एवढीच अट आहे. आकडे अवश्य लिहावेत. सावकाराचे, बँकेचे, दुकानाचे नाव लिहू नये.

सुरुवात माझ्यापासून करते. मी लातूरला एका खासगी शिकवणीत शिकवते, पगार १९,००० रुपये आहे आणि रोज औशाहून एसटीने जाते. क्रेडिट कार्डाची बाकी ३८,००० होती, मैत्रिणीचे १२,००० द्यायचे होते आणि फोनचे २,१५० रुपयांचे चार हप्ते राहिले होते. कार्डावर मी दरमहा ‘किमान रक्कम’ म्हणजे बाकीच्या पाच टक्के, १,९०० रुपये भरत होते आणि आपण फेडत आहोत अशा समजुतीत होते. प्रत्यक्षात साडेतीन टक्के मासिक दराने व्याज १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २३९ रुपये, असे १,५६९ रुपये आधीच जात होते आणि मूळ रकमेतून जेमतेम ३३१ रुपये कमी होत होते. शिवाय मागची बाकी उभी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे मला दीड वर्षाने समजले.

माझी खरी चूक मात्र कार्डाची नव्हती, घरात पैसे देण्याच्या पद्धतीची होती. बाबांना मी ‘जमेल तेवढे’ देत असे. एखाद्या महिन्यात आठ हजार, एखाद्या महिन्यात तीन. ज्या महिन्यात आठ दिले त्या महिन्यात कार्ड वापरले जाई, म्हणजे घरखर्चाला लावलेली माझी मुलगीपणाची ऐट अखेर साडेतीन टक्क्यांनी बँकेकडून येत होती. मी बाबांना कागद दाखवला आणि घरात देण्याची रक्कम ५,००० रुपये ठरवून घेतली, कमीही नाही आणि जास्तही नाही. उरलेल्यात प्रवास १,२००, रिचार्ज ३००, फोनचा हप्ता २,१५०, मैत्रिणीला १,०००, कार्डाला ८,००० आणि हातखर्चाला १,३५०. महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले नसते तर हा ताळा बसला नसता.

जालना

स्टील कारखान्यात भांडारलेखक आहे, वय ३१, एकत्र कुटुंब. मोटारसायकलच्या अपघातानंतर दवाखान्यासाठी ३०,००० रुपये शेकडा पाच दराने घेतले. आमच्याकडे ‘शेकडा पाच’ हे शब्द इतके सहज उच्चारले जातात की ते वर्षाला साठ टक्के आहेत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. चौदा महिने १,५०० रुपये व्याज भरले, म्हणजे २१,००० गेले आणि मुद्दल जागच्या जागी राहिली.

पुढे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात एका ओळखीच्या लिपिकाने समजावून सांगितले की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि परवानाधारकालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही. मला पैसे देणाऱ्याकडे परवाना नव्हता, माझ्याकडे पावती नव्हती. तक्रार करण्याचा मार्ग उघडा होता, परंतु त्याचे आणि आमचे शेत एकाच बांधाला आहे. ज्याने त्याने आपापला विचार करावा. मी तक्रार केली नाही, याचे समर्थनही करत नाही.

आईच्या पाटल्यांवर बँकेतून सोनेतारण घेतले, वार्षिक दहा टक्क्यांच्या आसपास. जिथे महिन्याला १,५०० रुपये व्याज होते तिथे २५० रुपयांवर आले. आईची अट एकच होती : दर महिन्याला बँकेत भरल्याची पावती देवघरात आणून ठेवायची. सोनेतारणात वर्षाअखेर एकदम भरण्याची सोय असते आणि तोच त्यातला धोका आहे, कारण अकरा महिने काहीच भरावे लागत नाही. त्या पावतीच्या अटीमुळे मी दरमहा सुमारे २,७५० भरत गेलो. पाटल्या आता घरी आहेत.

वसमत तालुका, जि. हिंगोली

वरील दोन्ही हिशेब पगाराचे आहेत. आमच्याकडे महिना नसतो, हंगाम असतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात आणि हळदीचे, काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश हे सगळे आटोपून, उन्हाळ्यात. मधल्या काळात दुकानदार, डॉक्टर आणि पाहुणे थांबत नाहीत. माझ्या अंगावर कृषी सेवा केंद्राची ४६,००० उधारी आणि चुलत्यांचे २०,००० हातउसने होते.

२०२४ मध्ये मी पहिल्यांदा वर्षाचे अंदाजपत्रक केले आणि पहिल्याच फटक्यात चुकलो. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, म्हणून २२ क्विंटलचे १,०७,६२४ धरले. हमीभाव केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबण्याची ऐपत नव्हती; ओलाव्याचे कारण सांगत आडतीवर ४,१०० ने माल गेला आणि हातात ९०,२०० आले. साडेसतरा हजारांचा तो खड्डा अख्ख्या वर्षभर भरत बसलो. तेव्हापासून जमेचा आकडा मागच्या तीन वर्षांतल्या सगळ्यात पडत्या भावाने धरतो. भाव चढला तर तेवढी उधारी लवकर फिटते.

दुसरी गोष्ट, आडतीची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) हातात आली की पैसे घरी नेण्याआधी त्याच दिवशी दुकानाचे देऊन टाकतो. घरी पोहोचलेल्या पैशाला दहा वाटा फुटतात आणि त्यातली एकही वाट गैर नसते, हीच अडचण आहे. पीककर्ज धाग्याबाहेर ठेवले आहे हे मान्य; परंतु तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरल्यास व्याज शून्य पडते, तेव्हा लहान उधारी फेडण्याच्या घाईत त्याची मुदत चुकवू नये, एवढे लिहिल्यावाचून राहवत नाही. मी एकदा चुकवली होती.

नांदेड

औशाच्या ताईंनी वडिलांना कागद दाखवला, ते त्यांना शक्य होते. सासरी प्रत्येकीला शक्य नसते. पिको-फॉलच्या यंत्रासाठी मी बचत गटातून १५,००० घेतले आणि ते फिटेपर्यंत सासूबाईंना सांगितले नाही. गटाचे व्याज महिना दोन टक्के आहे, परंतु ते व्याज गटातच राहते आणि वाटपाच्या वेळी आपल्याही हिश्श्याला येते. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये मी हप्त्याला लावले होते. ते दर महिन्याला वेळेवर येतीलच असे नाही, हे दोनदा अनुभवल्यावर एका हप्त्याएवढी रक्कम शिवणकामातून आधीच बाजूला ठेवू लागले. गटात हप्ता चुकला तर बँकेसारखा फोन येत नाही. बैठकीत सगळ्यांसमोर नाव निघते.

गंगापूर (वाळूजला कंत्राटी कामगार)

लिहावे की नाही, याचा आठ दिवस विचार केला. मी मोबाइलवरच्या चार ॲपांतून कर्ज काढले होते. एकाने ८,००० मंजूर दाखवून ‘प्रक्रिया शुल्क’ कापले आणि खात्यात ६,४०० टाकले, सात दिवसांत ८,००० परत मागितले. ते भरायला दुसरे ॲप, दुसऱ्यासाठी तिसरे. चौथ्याने माझ्या फोनमधले नंबर उचलून मामांना फोन केला आणि मी पैसे बुडवून पळालो आहे असे सांगितले. घरी कळले ते असे.

वडील रागावले, पण दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, हे तिथे समजले. नोंदणीकृत संस्थेचे कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सर्व खर्चासह वार्षिक दर दाखवणारे पत्रक आधी द्यावे लागते आणि सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत कर्ज परत करण्याची मुभाही द्यावी लागते. माझ्या चारपैकी दोन ॲपांनी असे काही दाखवले नव्हते. मीही विचारले नव्हते.

उरलेल्या दोन खऱ्या कर्जांत माझे नुकसान तारखेने केले. पगार कधी सात तारखेला, कधी दहाला, आणि हप्ता पाचला. खात्यात पैसे नसल्याने प्रत्येक वेळी हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा. अर्ज करून हप्त्याची तारीख १२ करून घेतली. एवढ्या एका अर्जाने महिन्याला हजारभर रुपये वाचले, आणि तो करायला मला नऊ महिने लागले.

धाराशिव

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. कर्ज माझ्या मुलाचे होते. घरी राहणाऱ्या मुलाला वाटते की आपला खर्च काहीच नाही. आम्ही दोघांनी बसून सिलिंडर, किराणा, वीज, दूध यांचा माणशी हिशेब काढला, तेव्हा त्याचा वाटा त्याच्या अंदाजाच्या दुप्पट निघाला. तो मागायचा म्हणून नव्हे, त्याला दिसावा म्हणून काढला. एक गोष्ट मी माझ्याकडे घेतली, ती म्हणजे आहेर. लग्नसराईत तो मित्रांकडे वेगळा, आम्ही भावकीत वेगळा, असे चालले होते. एका उन्हाळ्यात त्याचे चौदा आहेर झाले. कर्ज फिटेपर्यंत घराचा एकच आहेर जाईल, नाव कुटुंबाचे, असे ठरवले. भावकीत दोन जण बोलले. बोलू द्यावे.

परभणी

कार्डाचे ५२,००० थकल्यावर वसुलीवाल्याने ‘तीस हजारांत मिटवून टाका’ म्हटले आणि मी आनंदाने मिटवले. दोन वर्षांनी दुचाकीसाठी कर्ज मागितले तेव्हा पतअहवालात (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात) त्या खात्यापुढे ‘बंद’ऐवजी ‘तडजोड’ असा शेरा निघाला आणि कर्ज नाकारले गेले. पतअहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो मी आधी काढून पाहायला हवा होता. पूर्ण रक्कम भरणाऱ्यांनीही येणे बाकी नसल्याचे पत्र मागून घ्यावे.

औसा (पुन्हा)

व्याजाचे देणे आधी फेडावे की ओळखीच्या माणसांचे, हा प्रश्न मलाही पडला होता. मला व्याजाचे आधी हेच पटले होते, तरी मैत्रिणीला दर महिन्याच्या १० तारखेला १,००० पाठवत राहिले, कारण त्याआधी ती माझ्याशी बोलताना पैशांचा विषय इतक्या कष्टाने टाळत असे की इतर बोलणेही अवघडून जाई. आता ती पूर्वीसारखी भांडते. काल कार्डाचे चौथे ८,००० भरले, बाकी १०,६३९ आहे. फोनचा हप्ता याच महिन्यात संपला. ते २,१५० पुढच्या महिन्यापासून तिच्या हजारात मिळवणार आहे, घरच्या पाचात नाही. आईने विचारले होते.